पथनाट्याआधी डेअरी: गावातील एचआयव्हीचा कलंक आणि सहा तरुण

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. पश्चिम महाराष्ट्रातील सुमारे तीन हजार वस्तीच्या गावातला, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आणि राष्ट्रीय सेवा योजनेत काम करणारा एक विद्यार्थी लिहितो की, गावातील एका घरचा कर्ता पुरुष आठ वर्षांपूर्वी वारला आणि तेव्हापासून ‘त्या घरात एड्स आहे’ असे गाव बोलते. घरात आता आई आणि चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्यांच्या म्हशीचे दूध डेअरीवर घेत नाहीत, पंगतीत त्यांच्या शेजारचे पान रिकामे राहते आणि मुलाला कबड्डीत कोणी घेत नाही. हे थांबावे अशी या विद्यार्थ्याची आणि त्याच्या पाच मित्रांची इच्छा आहे. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, चावडीसमोर पथनाट्य करून शेवटी त्या आईला चार शब्द बोलायला उभे करावे, लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करणारा ठराव ग्रामसभेत मांडावा आणि डेअरीच्या सचिवाविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यावी, असा त्यांचा बेत आहे. सुरुवात कशापासून करावी आणि वर्षभरात गाव बदलेल का, असे त्याने विचारले आहे.

मी गेली सतरा वर्षे एका उपजिल्हा रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात समुपदेशक आहे. या केंद्राला आमच्याकडे ‘आयसीटीसी’ म्हणतात, आणि तेही उच्चारायचे नसेल तर ‘तेरा नंबर’ म्हणतात, कारण आमच्या खोलीच्या दारावर तो आकडा आहे. केसपेपर काढून देणाऱ्या शिपायाने मोठ्याने ‘तेरा नंबर’ म्हटले की रांगेतली चार डोकी वळतात. आकड्यालाही कलंक चिकटतो, हे मी तेथे शिकले. त्यामुळे तुमचा राग मला समजतो. तरीही बेतातल्या तिन्ही गोष्टी ज्या रूपात तुम्ही योजल्या आहेत त्या रूपात करू नका, असेच मला सांगावे लागणार आहे. कारणे सांगते, आणि त्याऐवजी काय करता येईल तेही सांगते.

तुमच्या लिहिण्यात गावाचे अज्ञान हा मूळ आजार आहे आणि माहिती हे त्याचे औषध आहे, असे गृहीत धरलेले दिसते. माझा अनुभव निराळा आहे. एचआयव्ही चार मार्गांनी पसरतो, हे तुमच्या गावाने शाळेच्या भिंतीवर, आरोग्य केंद्राच्या फलकावर आणि दर १ डिसेंबरच्या फेरीत वाचलेले आहे. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुई, बाधित रक्त आणि आईकडून बाळाला, हे चारही मार्ग तुमच्या डेअरीचा सचिवही बहुधा घडाघडा म्हणून दाखवील. तरीही तो दूध घेत नाही, कारण त्याची भीती विषाणूची नसतेच. ‘मला काही वाटत नाही हो, पण बाकीचे दूध घालायचे थांबले तर?’ ही असते. पंगतीत पान रिकामे सोडणाऱ्यालाही शेजारचा काय म्हणेल याचीच धास्ती असते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीला भितो आणि त्यातून एक व्यवस्था तयार होते, जी कोणीच ठरवलेली नसते आणि म्हणून कोणीच मोडत नाही. पथनाट्याचा उपाय अज्ञानावर लागू पडतो. या व्यवस्थेला हात घालायचा, तर ती ज्या ठिकाणी रोज पाळली जाते त्या ठिकाणी जावे लागते, आणि तुमच्या गावात ते ठिकाण म्हणजे डेअरी, पंगत आणि कबड्डीचे मैदान आहे.

यात अर्धवट माहितीचा वाटा नसतो असे मात्र नाही, आणि तो वाटा पुष्कळदा आम्हीच घातलेला असतो. एका गावात असाच दुधाचा प्रश्न आला तेव्हा एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले, ‘मॅडम, तुमच्याच बोर्डावर लिहिलंय की दुधातून होतो.’ मी गडबडले. फलकावर ‘आईच्या दुधातून बाळाला’ असे लिहिलेले होते. गावाने त्यातले ‘आईच्या’ गाळून ‘दुधातून’ तेवढे लक्षात ठेवले होते. एचआयव्हीचा विषाणू माणसाचा आहे, तो म्हशीला होत नाही आणि तिच्या दुधात येत नाही, हे साधे वाक्य त्या फलकावर कोणीच लिहिले नव्हते, कारण असा प्रश्न पडेल हेच शहरात बसून फलक लिहिणाऱ्याला सुचले नव्हते. धार काढणाऱ्याच्या बोटाला जखम असली तर काय, हा त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. त्याचे उत्तर असे की, हा विषाणू शरीराबाहेर फार दुबळा असतो, खाण्यापिण्यातून त्याचा संसर्ग होत नाही, आणि डेअरीचे दूध तसेही तापवूनच पुढे जाते. तुमच्या गावात नेमका कोणता गैरसमज बसलेला आहे हे तुम्ही शोधले पाहिजे. सर्वसाधारण माहितीची पत्रके वाटून तो हाती लागत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टींकडे येते. तुम्ही लिहिता की त्या घरात आई आणि मुलगा दोघेही ‘गोळ्या घेतात’. हे तुम्हाला कसे कळले, हा माझा पहिला प्रश्न आहे. त्या बाईंनी स्वतः सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. पण एखाद्या आरोग्य कर्मचाऱ्याकडून, तालुक्याला त्यांना रांगेत पाहिलेल्या शेजाऱ्याकडून किंवा नवऱ्याच्या मृत्यूवरून बांधलेल्या तर्कातून ते आले असेल, तर तुमच्याजवळ आहे ती केवळ अफवा आहे आणि तुमची मोहीम त्या अफवेवर शिक्का मारील. दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. मुलाला स्वतःविषयी काही माहीत आहे का? जन्मापासून संसर्ग असलेल्या मुलांना त्याविषयी कधी आणि कसे सांगायचे, हे वयानुसार, टप्प्याटप्प्याने, आईच्या संमतीने आणि एआरटी केंद्रातील, म्हणजे एचआयव्हीची औषधे जेथे मिळतात तेथील, समुपदेशकाच्या मदतीने ठरते. चौदा वर्षांची, रोज गोळी घेणारी आणि ती ‘ताकदीची’ किंवा ‘दम्याची’ आहे असे समजणारी मुले माझ्या खोलीत येऊन गेली आहेत. अशा मुलाला चावडीसमोरच्या गर्दीत, तुमच्या नाटकातल्या एका वाक्यावरून, आपण कोण आहोत हे कळले तर काय होईल, याचा विचार करा. आणि त्याला मुळीच संसर्ग नसेल, हेही शक्य आहे. गरोदरपणात उपचार मिळाले नाहीत तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, वेळेवर उपचार मिळाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे उपचार नसतानाही निम्म्याहून अधिक बाळे संसर्गाविना जन्मतात आणि वाढतात. गाव मात्र सबंध घराला एकच नाव देऊन मोकळे होते.

यावरून माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आम्ही एका बाजारगावात तपासणी शिबिर घेतले होते. माझ्याकडे दोन वर्षे येणारी एक बाई भाजीची पाटी घेऊन बसलेली दिसली, आणि मला इतका आनंद झाला की मी लांबून तिला नावाने हाक मारली, जवळ जाऊन तब्येतीची चौकशी केली आणि पावशेर गवारही घेतली. माझ्या गळ्यात ओळखपत्र होते आणि मागे शिबिराचा फलक होता. मी एचआयव्हीविषयी एक शब्दही बोलले नव्हते. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा तिने एवढेच विचारले की, औषधे दुसऱ्या जिल्ह्यातून मिळतील का. तिची भाजी त्या बाजारात खपेनाशी झाली होती. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत प्रत्येकाला सांगते की, बाहेर भेटलात तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तरच बोलेन, राग मानू नका. तुम्ही सहा जण एकदा ‘एड्सवाली पोरे’ म्हणून ओळखले जाऊ लागलात की हाच नियम तुम्हालाही लागू होतो. तुम्ही ज्या उंबऱ्यावर जाल, त्या उंबऱ्याकडे गाव पाहील. म्हणून त्या आईला भेटायला सहाजणांनी मिळून जाऊ नका, आणि मंचावर बोलवायचा विचार तर पूर्णपणे सोडून द्या. कोणी स्वतःहून, सल्ला घेऊन, परिणामांचा विचार करून जाहीर बोलायचे ठरवले तर त्या व्यक्तीमागे उभे राहावे; पण आपल्या कार्यक्रमाला वजन यावे म्हणून कोणाला उभे करणे, हे मी गैर मानते.

ही माणसे किती खबरदारीने जगतात हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून दोन गोष्टी सांगते. औषधांच्या प्लास्टिकच्या बाटलीत गोळ्या खुळखुळतात; एसटीत पिशवी हलली की आवाज येतो, म्हणून पुष्कळ बायका बाटलीत कापसाचा बोळा कोंबतात. बाटलीवरचा कागद तर केंद्राच्या आवारातच नखाने खरवडून काढलेला असतो. दुसरी गोष्ट एसटीचीच आहे. उपचारासाठी जाणाऱ्या एचआयव्हीबाधितांना साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे, पण ती घेण्यासाठी वाहकाला कार्ड दाखवावे लागते, आणि तो वाहक रोज त्याच मार्गावर असतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पूर्ण तिकीट काढून येतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्जही कितीतरी जण भरत नाहीत, कारण तो किती टेबलांवरून फिरेल याचा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो. शासनाने दिलेली सवलत कलंकापायी अशी सोडून द्यावी लागते. तुम्ही सद्भावनेने कोणाला योजनांचा लाभ मिळवून द्यायला निघालात, तर हे ध्यानात असू द्या.

मग तरुणांनी करायचे काय? मी आमच्या स्वयंसेवकांना सगळ्यात आधी एक वाक्य घोटून पाठ करायला लावते: ‘त्या घराविषयी लोक बोलतात ते खरे की खोटे, हे मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही, पण खरे असले, तरी या गोष्टीचा त्याच्याशी काही संबंध नाही.’ या वाक्यात तुम्ही कोणाचे काही उघड करत नाही, आणि ‘त्यांना तसले काही नाही हो’ असे म्हणून बचावही करत नाही. बचाव हा सापळा आहे, हे तरुणांना पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. ‘त्यांना नाही’ असे म्हटले की ‘असते तर वाळीत टाकणे बरोबर होते’ हे आपण कबूल करून बसतो, आणि उद्या ते खरे निघाले तर त्या घराचा बचावही संपतो. हे वाक्य एकमेकांसमोर म्हणून पाहा. गावातला चुलता डोळे वटारून उभा असताना ते तोंडातून सहज निघायला हवे.

डेअरीच्या बाबतीत माझी पद्धत अशी असते. सचिवाला चारचौघांत गाठायचे नाही, कारण चारचौघांत तो चारचौघांचीच बाजू घेणार. तुमच्यापैकी ज्याचे घर तेथे दूध घालते, अशा एकाने, शक्य असेल तर आपल्या वडिलांना किंवा चुलत्याला बरोबर घेऊन, त्याला एकटे गाठावे. वरचे वाक्य बोलावे, म्हशीच्या दुधाची गोष्ट सांगावी आणि मग खऱ्या भीतीवर यावे: ‘तुम्ही ते दूध घेतले तर आमच्या घरचे दूध थांबणार नाही. आणखी कोणाकोणाचे थांबणार नाही, ते मी विचारून येतो.’ पाच-सहा घरांनी असा शब्द दिला की सचिवाची अडचण बहुतेक संपते. त्याला माहिती हवी होती त्याहून आधार जास्त हवा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दूध उत्पादकांच्या बैठकीत जनावरांच्या लसीकरणाबरोबर ‘कोणता आजार दुधातून होतो आणि कोणता नाही’ यावर दहा मिनिटे बोलावे, अशी विनंतीही करता येते. त्यात क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस यांच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याच ओघात एचआयव्हीचे नाव ‘होत नाही’ या रकान्यात येऊन जाते. कोणाचे घर मनात धरून बोलले जात आहे, असे तेव्हा वाटत नाही.

कबड्डीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, कारण तो सर्वस्वी तुमच्या हातात आहे. खेळताना गुडघा फुटला, रक्त आले, तर काय, हे मुलांच्या पालकांना वाटते. त्यावर उत्तर म्हणून एका मुलाला बाहेर ठेवायचे नाही. सगळ्यांसाठी एकच नियम करायचा. रक्त आलेला कोणताही खेळाडू मैदानाबाहेर जाईल, जखम साबणपाण्याने धुऊन पट्टी बांधेल आणि मग परत येईल. मैदानावर खरचटण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता नगण्य असते. पण हा नियम हेपटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या दृष्टीनेही योग्यच आहे. दवाखान्यात आम्ही हेच करतो. प्रत्येकाचे रक्त सारख्याच काळजीने हाताळतो, म्हणून कोणाचा अहवाल काय आहे हे विचारायची वेळच येत नाही. एक प्रथमोपचाराची पेटी घ्या, नियम मैदानाच्या भिंतीवर लिहा आणि त्या मुलाला संघात घ्या. तो खेळायला नको म्हणाला तर आग्रह करू नका. बोलावणे मात्र बंद करू नका.

पंगतीविषयी थोडक्यात सांगते: तेथे जाऊन बसा. भाषण नको, फोटो नको, समाजमाध्यमांवर ठेवायला चित्रफीत तर नकोच. तुमच्यापैकी कोणीतरी नेहमीच्या सहजतेने त्या रिकाम्या पानावर बसला आणि दुसऱ्या लग्नातही बसला, की तिसऱ्या वेळी कोणाचे लक्ष जात नाही. जाता जाता एक निरीक्षण नोंदवते. करोनानंतर आमच्या भागातील चहाच्या टपऱ्यांवर सरसकट कागदी कप आले आणि काही जणांच्या वाट्याचा वेगळा पेला दिसेनासा झाला. भेदभाव संपला असे मी तेव्हा समजत होते. प्रत्यक्षात तो फक्त दिसायचा थांबला होता, आणि घरांतले वेगळे पेले, बुडाला नेलपॉलिशची खूण केलेले, तसेच राहिले होते.

पथनाट्य करूच नका असे मी म्हणत नाही. डेअरी आणि मैदान यांवर चार-सहा महिने काम झाल्यावर करा, आणि ते आजारावर न करता शेजाऱ्यांवर करा. आजारी माणूस दाखवला की तुम्ही नकळत खंगलेला, खोकणारा, पश्चात्ताप करणारा माणूस रंगवता. देशात १९८६ मध्ये चेन्नईत पहिल्या संसर्गाची नोंद झाली, त्यानंतरची कितीतरी वर्षे प्रचारात कवटी, सापळा आणि मृत्यू हेच होते. ती भीती तेव्हा रुजली आणि आजतागायत टिकून आहे. आजचे वास्तव निराळे आहे. शासकीय केंद्रांतून २००४ पासून एआरटीची औषधे मोफत मिळतात, २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे, आणि वेळेवर सुरू करून नियमित गोळ्या घेणारी व्यक्ती जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकते. रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आले आणि तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. हे जरूर सांगा, पण त्यावर माणुसकीची अट बसवू नका. ज्याचा विषाणू अजून आटोक्यात आलेला नाही, त्याच्या शेजारीही जेवता येते.

नाटकातला एक शब्द मी हमखास खोडते, तो म्हणजे ‘निष्पाप’. ‘त्या निष्पाप बाळाचा काय दोष?’ या वाक्याला टाळ्या पडतात आणि त्याच टाळ्यांत बापाला दोषी ठरवले जाते, आणि बापाच्या पाठोपाठ तमाशातली बाई, ट्रकचालक, तृतीयपंथी, सगळेच. ‘कसा झाला?’ हा प्रश्न उपचारासाठी आम्हाला कधी विचारावा लागतो. गावाला तो विचारायचे कारण नाही. सांगलीत १९९० च्या दशकात ‘संग्राम’ ही संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही संघटना यांच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच एकमेकींना निरोध आणि माहिती पुरवू लागल्या आणि प्रतिबंधाच्या कामाच्या कर्त्या बनल्या. ज्यांना गाव दोषी म्हणत होते त्यांनीच हे काम पुढे नेले. लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या ‘सेवालय’ या संस्थेत राहणाऱ्या एचआयव्हीबाधित मुलांच्या शाळेत जाण्याला एकेकाळी गावातून विरोध झाला होता. म्हणजे ‘निष्पाप’ म्हणून टाळ्या मिळवणारी मुलेसुद्धा वर्गातल्या बाकावर बसायची वेळ आली तेव्हा नकोशी झाली. दया दाखवणारा समाज जागा देईलच असे नाही.

नाटकानंतर प्रश्नोत्तरे ठेवा, पण हात वर करायला सांगू नका. प्रत्येकाच्या हातात सारखाच कागद आणि पेन्सिल द्या आणि प्रत्येकाने काहीतरी लिहून पेटीत टाकायचे, असे सांगा. प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असे लिहायचे. सगळेच लिहितात तेव्हा कोण विचारतो ते कळत नाही. उत्तरे देण्यासाठी तालुक्याच्या केंद्रातील समुपदेशकाला बोलवा आणि ज्या चिठ्ठीत एखाद्या घराचा उल्लेख असेल ती वाचू नका. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक शेवटी दोनदा सांगा. तेथे नाव न सांगता बोलता येते. तुमच्या महाविद्यालयात रेड रिबन क्लब (एचआयव्हीविषयी जागृती करणारा विद्यार्थ्यांचा गट) असेल तर समुपदेशकाशी संपर्क त्यामार्फत लवकर होतो.

तुम्ही सहाजणांनी स्वतःची तपासणी जरूर करून घ्या. अठरा वर्षे पूर्ण असतील तर तुमची स्वतःची संमती पुरते. पण अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून तो स्टेटसवर ठेवू नका. एका महाविद्यालयातील मुलांनी मोठ्या उत्साहाने तसे केले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा झाली ती, कोणी ठेवला नाही, याची.

याच कारणाने ग्रामसभेतला ठरावही नको. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि ग्रामसभेला ती सक्ती करण्याचा अधिकार नाही. शिवाय संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही, त्यामुळे अशा कागदाने मिळणारी खात्री अपुरी असते. मोडलेल्या लग्नाचे कारण मात्र गावभर होते. लग्नाआधी दोघांनी मिळून, स्वेच्छेने समुपदेशकाकडे जावे, असे तुम्ही मित्रमैत्रिणींना जरूर सांगा. त्याचे मी स्वागतच करते.

तक्रारीचा मुद्दा उरतो. कायदा तुमच्या बाजूला आहे. भेदभावाच्या मनाईत शिक्षण, नोकरी आणि दवाखाना यांच्याबरोबर दुकाने, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, स्मशानभूमी आणि अंत्यविधी यांचाही उल्लेख आहे, आणि संरक्षण केवळ संसर्ग असलेल्याला नसून त्याच्या घरात राहणाऱ्यालाही आहे. द्वेष पसरवणारा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भेदभावाची तक्रार मात्र पोलीस ठाण्याकडे न नेता राज्य शासनाने नेमलेल्या लोकपालाकडे करायची असते. त्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि न्यायालयीन कामात ओळख लपवण्याची मागणी करता येते. तरीही तक्रार करायची की नाही, हे त्या आईने ठरवायचे आहे. तुम्ही तिच्या वतीने अर्ज केलात तर गावाच्या दृष्टीने तुम्ही तिचा अहवालच प्रसिद्ध केला असे होईल. शाळेने मुलाला काढले किंवा अंत्यविधीला आडकाठी झाली, तर मी स्वतः घरच्यांना कायद्याचा मार्ग सुचवते, कारण तेथे थांबायला वेळ नसतो. दुधाच्या बाबतीत सचिवाला अब्रू न जाता माघार घेण्याची एक वाट आधी द्यावी, असे माझे मत आहे. यावर माझे काही सहकारी सहमत नाहीत. ते म्हणतात की कायदा वापरला नाही तर तो गंजतो. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

एवढ्यावरून तुमच्या लक्षात आले असेल की, मी तुम्हाला आवाज कमी ठेवायला सांगते आहे: नाव कोणाचेच न घेता, बचाव न करता, रोजच्या तीन ठिकाणी वागणे बदलणे, आणि मग नाटक. वर्षभरात गाव बदलेल का, हे गावातल्या दोन-चार वजनदार माणसांवर आणि त्या घराच्या इच्छेवर अवलंबून आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. तेव्हा तीन हजारांच्या गावात तुम्हाला माहीत असलेले एकच घर असेल असे समजू नका. ज्यांच्याविषयी कोणालाच काही माहीत नाही, ती माणसे तुमचे वागणे घरात बसून पाहत असतात. मी काम झाले की नाही ते माझ्या नोंदवहीवरून ओळखते: एखाद्या गावातून स्वतःहून तपासणीला येणारी माणसे वाढली की तेथे कोणीतरी काहीतरी बरे करत आहे, असे मी समजते. ते कोण, हे मला बहुतेक वेळा कळत नाही.

त्या आईपर्यंत पोहोचायचेच असेल, तर तुमच्या भागात लिंक वर्कर (गावागावांत एचआयव्हीचे काम करणारे कार्यकर्ते) किंवा बाधितांना आधार देणाऱ्या विहान प्रकल्पाचे कार्यकर्ते आहेत का, ते तालुक्याच्या केंद्रात विचारा. कोणाचे नाव न सांगता, ‘आमच्या गावात कोणाला आमची मदत हवी असेल तर हा आमचा फोन नंबर’ एवढा निरोप त्यांच्याजवळ ठेवा. उत्तर आले नाही तरी चालेल. डेअरीवर मात्र उद्या सकाळीच जा, रांग संपल्यावर, सचिव फॅटचे यंत्र पुसून कॅन धूत असतो त्या वेळी. तेव्हा तो एकटा असतो आणि त्याला कोणी मदतीला आले तर बरेच वाटते.